सोंग नव्हे, नसेचे दुखणे आहे

तळपाय जळतात. बोटांना मुंग्या येतात. दिवसभर कामात कसेबसे निभते, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटरीतून करंट गेल्यासारखे होते आणि झोप उडते. अशा तक्रारी आपल्या वस्त्यांतून, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या माणसांकडून, नेहमी ऐकू येतात. बाहेरून पाहावे तर पाय धड दिसतो. सूज नाही, जखम नाही. एक्स-रे काढला तर हाडही शाबूत निघते. मग घरातलेच कोणी बोलून जाते, "काही नाही झालं तिले, कामाच्या वक्ती सोंगं करून राह्यली."

दुखण्यापेक्षा हा बोल जास्त लागतो. आणि असा बोल लागला की त्या रात्री दुखणे खरोखरच वाढते. ते का वाढते, आणि कमी करण्यासाठी आपल्या हातात काय आहे, हे या आठवड्याच्या सदरात आम्ही सांगणार आहोत. ज्या घरी थोरांना वाचता येत नसेल तेथे शिकणाऱ्या मुलामुलींनी हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.

नस म्हणजे कोणती नस?

आपल्याकडे रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतात. येथे बोलायचे आहे ते मज्जातंतूविषयी. मेंदू आणि पाठीचा कणा येथून हे तंतू हातापायांच्या टोकापर्यंत गेलेले असतात. काटा रुतला, चटका बसला, की त्याची बातमी हेच तंतू मेंदूला पोचवतात आणि आपण चटकन पाय उचलतो. म्हणजे दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे.

पण हा तंतूच बिघडला तर? विहिरीवरच्या मोटारीच्या वायरचे रबर झिजले की नको तेथे ठिणगी उडते. तसा बिघडलेला तंतू काटा नसताना काट्याची आणि आग नसताना आगीची बातमी मेंदूला पाठवत राहतो. काहींना तर पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. जळजळ, सुया टोचणे, झिणझिण्या, करंट बसणे, कापसावरून चालल्यासारखे वाटणे, ही नसेच्या दुखण्याची भाषा आहे. सांध्याचा ठणका वेगळा आणि हे वेगळे. म्हणून डॉक्टरांपुढे नुसते "पाय दुखते" म्हणून थांबू नये. नेमके काय होते, कोठून कोठे जाते, रात्री वाढते की चालल्यावर, हे सांगावे. त्याने डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.

आपल्या जिल्ह्यात हे कशाने होते?

पहिले कारण मधुमेह, म्हणजे आपण ज्याला शुगर म्हणतो ती. शुगर हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत आता सोडून द्यावी. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि हळूहळू वर चढते.

दुसरे कारण कंबर आणि मान. वणीकडच्या कोळसा खाणीत, बाजार समितीतल्या हमालीत, वीटभट्टीवर वर्षे काढलेल्यांची मणक्यातली गादी सरकते आणि नस दाबली जाते. मग कंबरेपासून एकाच पायात कळ उतरते.

तिसरे, नागीण. अंगावर पाणीदार फोडांचा पट्टा उठतो. नागिणीने कंबरेला वेढा पूर्ण केला की माणूस मरतो, या भीतीने लोक मांत्रिकाकडे धावतात आणि त्यातच दिवस घालवतात. हा साप नव्हे, लहानपणी आलेल्या कांजिण्यांचाच विषाणू आहे. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांची गोळी सुरू झाली तर आजार लवकर आटोपतो. फोड सुकल्यावरही, विशेषतः वयस्कर माणसांच्या नसेत, महिनोन्‌महिने आग राहू शकते.

कुष्ठरोगही मज्जातंतूंवरच घाला घालतो. अंगावर बधिर चट्टा असेल तर तो लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि वर्षानुवर्षांची दारू यांनीही नसा खराब होतात. टीबीच्या आयसोनियाझिड या गोळीने काहींना मुंग्या येतात. त्यावर डॉक्टर बी-6 ची गोळी जोडून देतात. टीबीचे औषध मात्र मनाने थांबवू नये.

आणि आपल्या जिल्ह्याला एक कारण असे आहे की ते विसरून चालणार नाही. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यातील शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा कमी पडल्या. कपाशीवरच्या कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा एक मोठा गट आहे. या गटातली विषे थेट मज्जासंस्थेवर काम करतात. त्यातल्या काहींच्या बाधेतून माणूस वाचला तरी दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, दुखणे आणि अशक्तपणा येऊ शकतो. अशा माणसाला "आता तर बरा झालास ना" म्हणणे म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकून उठून जाणे होय. फवारणीनंतर पुन्हा पाय जड वाटू लागले तर डॉक्टरांना फवारणीची हकिगत आवर्जून सांगावी.

ताणाने दुखणे का वाढते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कबड्डी खेळताना गुडघा फुटतो, रक्त येते, तरी डाव संपेपर्यंत खेळाडूला कळत नाही. तोच खेळाडू रात्री एकटा पडला की गुडघ्याने हैराण होतो. जखम तीच, मग दुखणे कमीजास्त का झाले? कारण दुखण्याची बातमी नसेतून निघाली तरी ती किती मोठ्याने ऐकायची हे मज्जारज्जू आणि मेंदू ठरवतात. 1965 साली कॅनडाचे मेलझॅक आणि इंग्लंडचे वॉल या दोन शास्त्रज्ञांनी हे एका फाटकाच्या कल्पनेने समजावले. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. ते कधी उघडे असते, कधी अर्धे मिटलेले. मेंदू वरून आज्ञा पाठवून ते उघडतो किंवा मिटतो. त्यानंतर या विषयाची माहिती पुष्कळ वाढली, पण ही मूळ गोष्ट टिकून आहे.

काळजी, भीती, राग आणि अपमान हे फाटक उघडे ठेवतात. ते कसे, हे समजून घेऊ.

मन घाबरले की शरीर लढाईच्या तयारीत जाते. ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल नावाचे रस रक्तात उतरतात. छाती धडधडते, श्वास उथळ होतो. बिघडलेले तंतू आधीच हुळहुळे झालेले असतात, ते या रसांनी आणखी चाळवतात. मान, खांदे, कंबर आवळली जाते. आधीच दाबलेली नस त्यामुळे जास्त दाबली जाते. शुगर असलेल्यांची साखर याच रसांमुळे वर चढते. आणि झोप जाते. झोप गेली की दुसऱ्या दिवशी दुखणे सोसण्याची ताकद कमी होते, हे तर प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे.

येथून चक्र सुरू होते. दुखते म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिडीने घरात भांडण, भांडणाने ताण आणि ताणाने पुन्हा दुखणे. पायातली नस कधीकाळी बिघडली, पण आजची रात्र बिघडवतो तो बऱ्याच वेळा ताण असतो.

यावर कोणी म्हणेल, "मग आम्ही म्हणतो तेच झाले, सगळा मनाचाच खेळ!" नाही. नस खरोखर बिघडलेली आहे आणि दुखणे खरे आहे. ताण त्या खऱ्या दुखण्याचा आवाज मोठा करतो, इतकेच. रेडिओचा आवाज वाढवला म्हणून गाणे खोटे ठरत नाही.

आपल्या घरांत ताण काही हौसेने आलेला नाही. गारपीट होते, बोंडअळी येते, सावकाराचा माणूस दारात उभा राहतो, पोराच्या कॉलेजची फी भरायची असते, रोजंदारीचे दिवस हुकतात. त्यात कामाच्या जागी जातीवरून मिळणारे टोमणे. ज्याच्यामागे हे सर्व आहे त्याला "टेन्शन घेऊ नका" एवढे सांगून परत पाठवणे ही थट्टाच होय. ताणाची कारणे एका दिवसात जाणार नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. पण शरीराला दिवसातून काही वेळ त्या लढाईच्या तयारीतून बाहेर काढता येते, आणि त्याने रात्र हलकी होते. पुढचे उपाय त्यासाठी आहेत.

बाबासाहेबांचे दुखणे

परमपूज्य बाबासाहेबांना हेच दुखणे होते, हे पुष्कळांना माहीत नसते. 1947-48 च्या काळात, संविधानाच्या मसुद्याचे ओझे खांद्यावर असताना, त्यांच्या पायांत मज्जातंतूंच्या असह्य वेदना होत. मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावे लागे, रात्रीची झोप नाहीशी झाली होती. उपचारासाठी ते मुंबईला आले. तेथे डॉ. मालवणकर यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची ओळख वाढली. पथ्यपाणी आणि औषध जाणणारे माणूस घरात हवे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला आणि त्या आपल्या माईसाहेब झाल्या. 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. 26 नोव्हेंबर 1949 रोजी तो स्वीकारला गेला.

बाबासाहेबांचे दुखणे ताणाने झाले, असे आम्ही म्हणत नाही. मधुमेह होताच. सांगायचे ते एवढेच की नसेचे दुखणे आळशी माणसाचे किंवा कमजोर मनाचे लक्षण नाही. आणि इतक्या मोठ्या माणसानेही "मी सोसून घेईन" असे न म्हणता डॉक्टर गाठला, पथ्य स्वीकारले आणि दुसऱ्याच्या हातून सेवा घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आपले आयुष्य लांबवण्याचे श्रेय त्यांनी माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. दुखणे कबूल करण्यात कमीपणा नाही, हा धडा आपणही घ्यावा.

"पागलपणाची गोळी" नव्हे

नसेच्या दुखण्यावर साध्या दुखण्याच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तरी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा तसल्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात. त्याने पोटात जखम होते, मूत्रपिंड खराब होते आणि आग तशीच राहते. शुगरवाल्यांना तर हे फार महागात पडते. गावोगावी पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत स्टिरॉईड असू शकते, त्यापासून दूरच राहावे.

नसेसाठी वेगळी औषधे आहेत. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, गॅबापेंटीन, प्रीगॅबॅलीन अशी त्यांची नावे. यातली पहिली दोन मुळात उदासीपणावरची औषधे. कोणी चिठ्ठीवरचे नाव वाचून सांगते, "ही तर पागलपणाची गोळी आहे," आणि तिसऱ्या दिवशी गोळी बंद होते. वाचकहो, डॉक्टरांनी तुम्हाला वेडे ठरवलेले नसते. मेंदूतून खाली येणारी दुखणे दाबण्याची आज्ञा ही औषधे बळकट करतात. म्हणजे वर सांगितलेले फाटक मिटायला मदत करतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला झोप येते, तोंड कोरडे पडते, चक्कर येते. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. त्रास झाला तर परत जाऊन मात्रा बदलून घ्यावी, मनाने एकदम बंद करू नये. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आपण घेऊ नये.

शुगरवाल्यांनी साखर आटोक्यात ठेवणे हे पहिले औषध. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकते, तेव्हा त्याची तपासणी विचारून घ्यावी.

बिनपैशाचे उपाय

श्वास : भिंतीला टेकून बसावे किंवा आडवे व्हावे. एक हात पोटावर ठेवावा. नाकाने श्वास घेताना मनात चार आकडे मोजावेत, सोडताना सहा. पोट वर येते आणि खाली जाते इकडे लक्ष असावे. सकाळी आणि झोपताना पाच ते दहा मिनिटे पुरेत. श्वास लांब सोडला की छातीची धडधड उतरते आणि शरीराला कळते की लढाई संपली. दुखणे भडकल्यावरच करण्याची वाट पाहू नये. रोजची सवय असली तरच वेळेला उपयोगी पडते.

अंग सैल सोडणे : अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी 1929 साली ही पद्धत पुस्तकात मांडली. हाताची मूठ पाच आकडे घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि सैल झालेला हात कसा लागतो ते पाहा. असेच खांदे, पोट, मांड्या आणि पोटऱ्या. जो भाग फार दुखतो तो आवळू नये, नुसता सैल सोडावा.

कामाचे तुकडे : बरे वाटले त्या दिवशी सारे काम उरकून घ्यायचे आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, ही आपली खोड आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, तेथे मध्येच बसणे परवडत नाही, हे खरे. पण कमरेची ओटी जड होण्याआधी रिकामी करावी. तास-दीड तासाने दोन मिनिटे ताठ उभे राहून पाठ मागे झुकवावी. घरी आल्यावर भांडी आणि पाणी ही कामे दुसऱ्याने घ्यावी. याउलट, दुखते म्हणून सारखे पडून राहणेही वाईट. रोज थोडे चालणे दुखणे उतरवते, साखरही उतरवते आणि मनही हलके करते.

झोप : रोज एकाच वेळी आडवे व्हावे. संध्याकाळनंतर चहा नको. मोबाईल उशाला नको. काळजीचा हिशोब दिवेलागणीच्या वेळी वहीत मांडावा. कोणाचे किती देणे, कोणती तारीख, उद्या कोणाला भेटायचे, हे लिहून वही मिटावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलाकडून लिहून घ्यावे. देणे त्याने फिटत नाही, पण रात्री दोन वाजता तेच आकडे डोक्यात फिरणे कमी होते.

दारू आणि खर्रा : दोन घोट घेतले की आग थांबते, असे सांगणारे पुष्कळ आहेत. थोडा वेळ थांबते हे खरे, पण झोप मोडते आणि नस आणखी जळते. खर्ऱ्यातली तंबाखू रक्ताच्या बारीक शिरा आवळते, मग नसेला रक्त कमी पोचते.

पायाची निगा : बधिर पायाला गरम पिशवी, विटेचा शेक किंवा शेकोटीची धग देऊ नये. चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. पाणी किती गरम आहे ते हाताच्या कोपराने पाहावे. अनवाणी चालू नये. रोज रात्री पायाचे तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत. शुगरवाल्याचा पाय लहानशा जखमेने जाऊ शकतो.

दुसरा बाण

भगवान बुद्धांनी वेदनेविषयी सांगितलेला दोन बाणांचा दृष्टांत संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो शोक करतो, चरफडतो, माझेच असे का म्हणून छाती पिटतो. हा त्याच जागी लागलेला दुसरा बाण. ज्याने मन शिकवले आहे त्यालाही पहिला बाण लागतो, पण दुसरा लागत नाही. आजचे वैद्यकशास्त्र ताण आणि दुखणे यांविषयी जे सांगते त्याच्याशी हे किती जुळते पाहा! 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांना बौद्ध ध्यानाच्या आधाराने शिकवायला सुरुवात केली, आणि आज जगातली अनेक रुग्णालये ती पद्धत वापरतात. दुखणे पुसले जाते असा त्यांचा दावा नाही. दुखण्याने होणारा छळ कमी होतो, असे ते सांगतात.

विहारात आनापानसती शिकवली जात असेल तर दुखणाऱ्या माणसांना आवर्जून न्यावे. मांडी घालून बसवत नसेल तर खुर्चीवर बसावे, तेही जमत नसेल तर हळूहळू चालत पावलांकडे लक्ष द्यावे. मात्र ध्यान हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. ध्यान सुरू केले म्हणून इन्सुलिन बंद करणारा स्वतःचा घात करतो.

घरच्यांसाठी

शेवटचा आणि सर्वांत स्वस्त उपाय घरच्यांच्या तोंडी आहे. दुखणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणे. "आज किती जळते?" एवढे विचारले तरी फाटक थोडे मिटते. सुनेचे दुखणे सोंग आणि मुलाचे दुखणे खरे, असा भेद करू नये. रात्रभर न झोपलेल्या बाईला पहाटे चार वाजता चुलीपुढे उभे करू नये. पुरुषांच्या बाबतीत उलटे होते. गडी माणसाने रडायचे नसते म्हणून तो बोलत नाही, दारूच्या गुत्त्यावर जातो. भाऊ, बोलण्याने मर्दपणा जात नाही.

सततचे दुखणे आणि कर्ज एकत्र आले की जगणे नको वाटू लागते, हे आपल्या जिल्ह्याने फार पाहिले आहे. "आता सुटायला पाहिजे" अशी भाषा घरात ऐकू आली तर ती हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा. टेलि-मानस ही सरकारी फोनसेवा 14416 या नंबरावर दिवसरात्र फुकट आहे, आणि मराठीतून बोलता येते. यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. तेथे जाण्यात लाज कसली?

काही लक्षणे असतील तर मात्र घरच्या उपायांत वेळ न घालवता लगेच मोठा दवाखाना गाठावा : कंबरदुखीबरोबर लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, पायाला न भरणारी जखम, आणि फवारणीनंतर उलट्या, खूप घाम, तोंडाला फेस किंवा अंधारी. विषबाधा असेल तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद दवाखान्यात सोबत न्यावा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आशाताईंना विचारले तर त्या दिवस सांगतील. या रविवारी विहारातून परतताना घरच्या थोरांच्या पायांची चौकशी करा, आणि दुखते म्हणाले तर आधी ते खरे माना. पुढची सारी वाट तेथूनच सुरू होते.

जयभीम.